जुन्या .३०-०६ रायफलीवर दुर्बीण : रिंगा किती उंचीच्या घ्याव्यात?

दिंडोरीकर

नमस्कार मंडळी. वडिलांच्या पश्चात माझ्या परवान्यावर नोंद झालेली .३०-०६ बोअरची एक बोल्ट रायफल (बोल्ट, म्हणजे सरकता दांडा, हाताने ओढून काडतूस भरायची) माझ्याकडे आहे. तिची अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्टची यंत्रणा, माउझर ९८ पद्धतीची असून बोल्टची मूठ खाली वाकवलेली आहे. वडिलांच्याही आधीच्या मालकाने रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावर) वीव्हर पद्धतीचे, आडवी खाच असलेले दोन स्वतंत्र बेस बसवून घेतले होते. ते अजून घट्ट आहेत, मात्र त्यांच्यावरच्या रिंगा (दुर्बिणीची नळी धरणाऱ्या कड्या) आणि दुर्बीण केव्हाच नाहीशी झाली. रायफलीची घडण शिकारीची असली तरी १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर तो विषय आमच्या घरात संपला. मला परवानाप्राप्त रेंजवर १०० मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर नेम धरायचा आहे, आणि उघड्या साइटवर आता डोळा ठरत नाही.

३-९×४० ची (तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४० मिमीचे), एक इंच नळीची दुर्बीण घेऊन ठेवली आहे. रिंगा नाशिकमध्ये हातात घेऊन पाहण्याची सोय नसल्याने मागवाव्या लागतील, आणि वर्णनात नुसते ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’ एवढेच लिहिलेले असते. एक मित्र म्हणतो की ही दुर्बीण परत करून ३० मिमी नळीची, ५० मिमी भिंगाची घ्यावी, म्हणजे उजेड जास्त मिळेल. दुसऱ्या परिचितांचे सातपूरला लेथचे काम आहे. ते म्हणतात, रायफल आणून द्या, रिंगा ठोकळ्यातून काढून देतो आणि बेसही नवे बसवून देतो. कोणाचे ऐकावे?

व्हर्निअर

प्रथम सातपूरच्या प्रस्तावाविषयी, कारण तो सर्वांत धोक्याचा आहे. त्या कारागिराच्या हातात कसब असेल, त्याबद्दल शंका नाही. परंतु शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती किंवा त्यांत फेरफार करण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे रिसीव्हरला हात लावायचा असेल तर ते काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे, आणि रायफल लेथवाल्याकडे ठेवून येऊ तर मुळीच नये.

आता रिंगांकडे वळू. उंचीच्या आधी बेस आणि रिंग यांचे जुळते का ते पाहावे लागते. वीव्हर बेसवरची आडवी खाच साधारण ४.५७ मिमी रुंद असते, तर तिच्यासारख्याच पिकाटिनी पद्धतीच्या रेलवरची ५.२३ मिमी. म्हणून वीव्हरची रिंग पिकाटिनीवर सहसा बसते, उलट मात्र बसेलच असे नाही, कारण पिकाटिनीसाठी केलेल्या रिंगेचा आडवा दांडा आपल्या अरुंद खाचेत उतरणारच नाही. वर्णनात ‘दोन्हींसाठी’ असे लिहिलेले असले तरी दांड्याची जाडी विचारून घ्या.

‘मीडियम’ या शब्दाला कोणतेही ठरलेले माप नाही. काही उत्पादक बेसच्या माथ्यापासून नळीच्या मध्यापर्यंतची उंची देतात, काही नळीच्या खालच्या कडेपर्यंतची. एक इंच नळीच्या बाबतीत या दोन पद्धतींत १२.७ मिमीचा फरक पडतो, म्हणजे एकाची ‘लो’ दुसऱ्याच्या कोष्टकात ‘हाय’ वाटू शकते. तेव्हा शब्दावर न जाता मिलिमीटर मागा, आणि ते कुठून कुठपर्यंत मोजले आहेत हेही विचारा.

आपल्याला किती हवी, हे रिंगांशिवायही मोजता येते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून दोन्ही बेसवर पत्त्यांच्या सारख्या चळती ठेवा, त्यांवर दुर्बीण टेकवा आणि एकेक पत्ता वाढवत जा. पुढच्या भिंगाचे घर बॅरलपासून, टोपण बसवूनही, दोन-तीन मिलिमीटर सुटले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोल्ट पूर्ण वर उचलून मागे ओढून पाहा. बहुतेक जण पुढच्या भिंगाचाच हिशेब करतात. माउझरवर मात्र उंची बहुधा मागच्या टोकाला ठरते, कारण मूठ वर आल्यावर ती आयपीसला (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकाला) अडते. या सगळ्यांतून सुटणारी सर्वांत कमी उंची घ्यावी. जुन्या दस्त्याची गाल टेकवायची धार उघड्या साइटच्या हिशेबाने खाली उतरलेली असते. दुर्बीण जितकी वर, तितका गाल अधांतरी आणि तितका डोळा मध्यापासून भरकटतो. ३-९×४० सारख्या साध्या दुर्बिणींचा पॅरलॅक्स (डोळा मध्यापासून हलला की नेमाची रेष लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) बहुधा १०० यार्डांवर बांधलेला असल्याने आपल्या अंतरावर हा दोष कमी जाणवेल, पण हनुवटी टेकवून नेमबाजी करणे सुखाचे नाही.

याच कारणासाठी ५० मिमीचा सल्ला मला पटत नाही. भिंगाचे घर सुमारे ५७ मिमी धरले तर दुर्बिणीचा मध्य आपल्या ४० मिमीच्या तुलनेत पाच मिलिमीटरने वर जातो, आणि भर दुपारी रेंजवर त्या जादा उजेडाचा उपयोग काय? ३० मिमी नळीमुळे उजेड वाढतो ही समजूतही चुकीची आहे. जाड नळीत आतल्या भिंगांना हलायला जास्त जागा मिळते, म्हणजे साइट वरखाली करण्याचा पल्ला वाढतो, इतकेच.

अंबडचा फिटर

वर लिहिलेले सर्व मान्य, पण पोलाद की अ‍ॅल्युमिनियम हा विषय सुटला. .३०-०६ च्या धक्क्याला ७०७५ मिश्रधातूच्या चांगल्या रिंगा पुरतात. स्वस्त ओतीव रिंगांपेक्षा त्या केव्हाही बऱ्या. पोलादी घेतल्यास वजन वाढते आणि नाशिकच्या पावसाळ्यात तेलाचा हात फिरवत राहावे लागते.

माझा मुद्दा सरळपणाचा आहे. जुन्या रिसीव्हरवर हाताने पाडलेली भोके एका रेषेत असतीलच असे नाही. दोन रिंगा जरा तिरक्या असल्या की दुर्बिणीची नळी त्यांच्यात पिळली जाते, नळीवर वळ उठतात आणि शून्य, म्हणजे एकदा जुळवलेला नेम, टिकत नाही. अचूक ग्राइंड केलेला २५.४ मिमीचा सरळ दांडा रिंगांच्या खालच्या अर्ध्यांत ठेवून पाहा. तो दोन्हीकडे सारखा टेकत नसेल तर लॅपिंग पेस्ट (धातू घासायचा खरखरीत लेप) लावून, त्याच दांड्याने घासून बैठक करून घ्यावी.

मागचा बेस ठेंगणा वाटला तर त्याच्याखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) चालते, पण हिशेब करून. रिंगांमधले अंतर १०० मिमी असताना ०.१ मिमीची शिम घातली तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर वर जाते. शिम बेसखाली घालायची. रिंगेच्या आत, नळीखाली कधीच नाही.

व्हर्निअर

लॅपिंगच्या बाबतीत मतभेद नोंदवतो. त्यात रिंगेचा मुलामा जातो, काढलेला धातू परत येत नाही, आणि नंतर त्या रिंगा दुसऱ्या रायफलीवर नेल्या की तीच घासाघीस पुन्हा करावी लागते. थोडासा वाकडेपणा असेल तर बर्रिसच्या सिग्नेचर मालिकेसारख्या, आतल्या बाजूस फिरणारे प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या रिंगा अधिक सोयीच्या, कारण अस्तर नळीच्या दिशेने स्वतःच वळते. तशा रिंगा घेतल्यास पेस्ट लावूच नये.

गंगापूर रोड

माझ्या स्प्रिंगच्या एअर रायफलवर ११ मिमी डव्हटेलच्या (उतरत्या कडांच्या लांब खाचांना पकडणाऱ्या) रिंगा आहेत आणि दुर्बीण सतत मागे सरकत असे. स्टॉप पिन (सरकणे अडवणारी खुंटी) असलेला, दोन्ही रिंगा एकाच तुकड्यात असलेला एकसंध माउंट बसवल्यावर ती थांबली. दिंडोरीकरांनीही एकसंधच घ्यावा का?

अंबडचा फिटर

नाही. आपल्या रायफलीत पिस्टन पुढे जाऊन आदळतो तेव्हा रायफल पुढे झेपावते, म्हणून दुर्बीण मागे सरकते. काडतुसाच्या रायफलीचा धक्का सरळ मागे बसतो आणि दुर्बीण पुढे सरकू पाहते. म्हणून वीव्हर बेसवर रिंग बसवताना तिचा दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच नट आवळायचा. शिवाय माउझरच्या रिसीव्हरचा मागचा भाग (पूल) पुढच्या भागापेक्षा (कड्यापेक्षा) ठेंगणा असतो, तो फरक दोन वेगळ्या उंचीच्या बेसनी आधीच भरून काढलेला आहे.

दिंडोरीकर

सर्वांचे आभार. मोजमाप केले. भिंगाच्या घराचा बाहेरचा व्यास ४७ मिमी आहे आणि बेसचा माथा त्या जागी बॅरलच्या ९ मिमी वर येतो. म्हणजे पुढच्या बाजूच्या हिशेबाने नळीखाली १.८ मिमी, अधिक मोकळी जागा, असे पाचेक मिलिमीटर पुरले असते. पण बोल्टची मूठ बोटांसह सुटायला नळीखाली साडेसात मिलिमीटर लागतात. व्हर्निअर म्हणाले तसेच झाले. मात्र एक नवी अडचण निघाली : बोल्टच्या मागचा सेफ्टीचा पंखा उभा होतानाच आयपीसला अडतो, त्यामुळे तो उजवीकडे ‘बंद’ अवस्थेत जातच नाही. उंच रिंगा घेऊ का?

व्हर्निअर

घेऊ नका. तो पंखा मुळात उघड्या साइटसाठी केलेला आहे. त्याला वाट द्यायची तर दुर्बीण इतकी वर न्यावी लागेल की गालाचा आधारच सुटेल. परवानाधारक कारागिराकडून खालून किंवा बाजूने फिरणारी सेफ्टी बसवून घ्या, माउझर ९८ साठी ती तयार मिळते. ते काम होईपर्यंत रायफल फक्त रेंजवर, एका वेळी एकच काडतूस घालून आणि बॅरल लक्ष्याकडे ठेवूनच वापरा.

रिंगा मात्र आता मागवायला हरकत नाही : बेसच्या माथ्यापासून नळीच्या मध्यापर्यंत २० मिमीच्या किंचित वर, किंवा खालच्या कडेपर्यंत ८ मिमीच्या आसपास. बसवताना बेसचे स्क्रू काढून भोकांतले जुने तेल पुसा आणि त्यांना निळे थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा द्रव) लावा. रिंगेच्या वरच्या स्क्रूंना ते लावू नका. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर ते १.७ ते २ न्यूटन मीटरपर्यंत, आलटूनपालटून आवळा आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. शेवटचे आवळण्याआधी समोर गवंड्याचा ओळंबा टांगून उभी रेष त्याच्याशी जुळवा, आणि डोळा व आयपीस यांत निदान ८० मिमी अंतर राहील असे पाहा, नाहीतर पहिल्याच गोळीला भुवई फुटेल.