मदत हवी आहे: बेळगावात छोट्या कॉफीच्या दुकानाला नऊ लाखांचं एस्प्रेसो मशीन घालावं का?

मंडळी, सल्ला पाहिजे. शक्यतो ज्यांनी स्वतः दुकान चालवलंय किंवा असली मशीनं उघडून बघितलीत त्यांचा. यूट्यूबवरचं सगळं आमच्या मामेभावाला पाठ आहे, ते मी रोज ऐकतोच आहे.

टिळकवाडीत आरपीडी क्रॉसपासून जवळच आमचं दुकान, जेमतेम अडीचशे स्क्वेअर फूट. मामेभाऊ बेंगळुरात एका रोस्टरीत (कॉफीची बी भाजतात तिथं) काम करून परत आलाय, कॉफीचं सगळं तोच बघतो. मी नोकरीवरून सुटलो की गल्ल्यावर बसतो, हिशेब माझ्याकडे. चिकमगळूर आणि कूर्गचा अरेबिका आणतो, गिऱ्हाईकासमोर दळतो, आणि व्ही-सिक्स्टी (वरून पाणी ओतून गाळायचा शंकू), एरोप्रेस (हाताने दाबायची नळी) नाहीतर पितळी फिल्टरवर करून देतो. चवीबद्दल तक्रार नाही. उडप्याच्या हॉटेलात आयुष्यभर कॉफी प्यालेले काकाही दुसऱ्यांदा येतात.

अडचण संध्याकाळची. सहा ते आठ कॉलेजची पोरं येतात. व्ही-सिक्स्टीच्या एका कपाला तीन-चार मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ एक माणूस किटली धरून तिथंच अडकतो. त्यात चौघांतले तिघं कॅपुचिनो मागतात, तो आमच्याकडे नाही. मग चौघंही उठून जातात.

मामेभावाने कॅपुचिनोला लागणारी एस्प्रेसो काढायच्या, दोन ग्रुपच्या (म्हणजे कॉफी निघायच्या दोन तोंडांच्या) इटालियन मशीनचं कोटेशन आणलंय. ७ लाख ८० हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९ लाख २० हजार. आम्ही रेस्टॉरंटच्या ५ टक्क्यांत बसतो, तिथं इनपुट क्रेडिट नाही (खरेदीवर भरलेला जीएसटी वजा मिळत नाही), त्यामुळे वरचे १ लाख ४० हजार गेले ते गेलेच. बँकेने ११ टक्के सांगितलेत, पाच वर्षांसाठी. हप्ता वीस हजाराच्या घरात जातो. मामी पाटल्या गहाण टाकायला तयार आहे, आणि मला खरी धास्ती त्याचीच आहे.

शिवाय मशीन चार किलोवॅटचं, आमचा मंजूर लोड दोनचा. म्हणजे हेस्कॉमला लोड वाढवायचा अर्ज आला. पावसात करंट जातो तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालतात, हे धूड कसं चालणार? पाणी नळाचं आणि विहिरीचं मिळून वापरतो. बिघडलं तर माणूस बेंगळुराहून येणार, पाचशे किलोमीटरवरून.

माझा सरळ प्रश्न: एवढ्या पैशात कपातली कॉफी खरंच तेवढी चांगली होते का, की गर्दी उरकायचं ते साधन आहे? गर्दीच उरकायची असेल तर स्वस्तातलं काही चालतं का?

---

कॅम्पवाली: मी बेकरी-कॅफे चालवते, म्हणून आधी आकडे. कॅपुचिनो १२० ला लावाल. जीएसटी, दूध, १८ ग्रॅम बी, कप-साखर जाऊन हातात ऐंशी राहतील. हप्ता वीस हजार, महिन्याचे २६ दिवस धरा, रोजचे ७७० झाले. म्हणजे दहा कप. दहाच! एवढ्याला घाबरायचं कारण नाही.

पण ते दहा *नवे* पाहिजेत. आज ९० ची व्ही-सिक्स्टी घेणाऱ्याकडून तुम्हाला पासष्ट सुटत असतील. तोच माणूस उद्या कॅपुचिनोवर गेला तर वाढले पंधरा. या हिशेबाने नुसता हप्ता फेडायलाच रोज पन्नास कप लागतात. तेव्हा रोज उठून जाणारी पोरं मोजा. महिनाभर वहीत रेघा मारा, मग बँकेत जा. आणि कोटेशनमध्ये ग्राइंडर आहे का? ते आधी बघा.

उद्यमबागचा फिटर: ग्रुपचं गॅस्केट, सोलेनॉइड, हीटिंग एलिमेंट, प्रेशरस्टॅट यांचं काही अडत नाही ओ, बिघडले तरी इथंच होतात. उद्यमबागेत हायड्रॉलिक्सची कामं करणारी पोरं आहेत, नऊ बार दाबाचा पंप म्हणजे त्यांना खेळणं. कंट्रोल बोर्ड उडाला की मात्र मीही हात वर करतो. म्हणून स्क्रीन, टच, मोबाइलला जोडणारं असलं काही घेऊ नका. जेवढं मशीन साधं तेवढं बेळगावात दुरुस्त होतं.

मशीनं मरतात ती पाण्याने. विहिरीच्या जड पाण्याचा थर एलिमेंटवर बसतो, खरवडून काढलाय मी, पापुद्रे निघतात. म्हणून लोक थेट आरओ लावतात, तेही चूक. बॉयलरमधलं पाणी किती आहे ते एक सळई ओळखते, पाण्यातून वीज वाहते त्यावरून. पाण्यात क्षार अगदीच नसले की सळईला पाणी लागलेलं कळतच नाही आणि बॉयलर भरतच राहतो. कॉफीही मचूळ लागते. आरओच्या पाण्यात गाळलेलं नळाचं पाणी मिसळा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १०० ते १५० ठेवा. मीटर चार-पाचशेला मिळतो.

जुना कॉफीबाज: महाग मशीनची एक गोष्ट सांगतो, लागू पडते का बघा. सिएटलच्या एका कंपनीने क्लोव्हर नावाचं मशीन काढलं होतं, एका वेळी एक कप, किंमत ११,००० डॉलरच्या आसपास. स्पेशालिटीवाल्यांनी डोक्यावर घेतलं. २००८ साली स्टारबक्सने ती कंपनीच विकत घेतली आणि बाहेरच्या दुकानांना मशीन विकणं बंद केलं. कॉफी चांगलीच व्हायची त्याच्यात, प्रश्न तो नव्हता. पाच वर्षांचा हप्ता घेताय तर पाच वर्षं सुटे भाग देणारा कोण, ते लिहून घ्या.

मामेभाऊ: दादा, धागा सापडला. निदान मला सांगून तरी टाकायचास.

बाजू माझीही ऐका. गाळून केलेली कॉफी आणि एस्प्रेसो हे दोन वेगळे पदार्थ आहेत. व्ही-सिक्स्टीत पाणी आपल्या वजनाने उतरतं, एस्प्रेसोत ते नऊ बारने ढकललं जातं, १८ ग्रॅम बीतून तीसेक सेकंदात ३६ ग्रॅम दाट कॉफी. दुधात उतरल्यावर चव टिकते ती हीच. दादा म्हणतो कपातली कॉफी तेवढी चांगली होते का. पहिला कप स्वस्त मशीनवरही चांगला होतो. ओळीने सहावा होत नाही, कारण लहान बॉयलरचं तापमान पडतं आणि दूध तापवताना वाफ संपते. पैसे त्या सहाव्या कपाचे आहेत. आपली गर्दी दोनच तासांची आहे, त्यात हळू चालून कसं होईल?

आणि हो, ग्राइंडर वेगळा आहे. सांगणारच होतो.

कॅम्पवाली: वाटलंच. लाखभर धरा अजून. मी तुमच्या जागी असते तर आधी तोच घेतला असता. दळण बारीक-जाड झालं तर दहा लाखांचं मशीनही आंबट नाहीतर कडूच पाडतं. मशीन नंतर बदलता येतं, चांगला ग्राइंडर कामी येतोच. आणि मामींच्या पाटल्यांना हात लावू नका, मुद्राचं कर्ज विचारा.

निपाणीकर: हायवेला माझं लिव्हरचं मशीन आहे, एका ग्रुपचं, जुनं घेतलेलं. पंप नाही, बोर्ड नाही. दांडा खाली ओढायचा, स्प्रिंग दाब देते. फाएमा या इटालियन कंपनीचं ई-६१ हे पंपवालं मशीन १९६१ ला आलं, त्याआधी इटलीतली दुकानं असल्याच दांड्यावर गर्दी उरकायची. काही लिव्हर मशीनं गॅसवरही चालतात, माझंही. करंट गेला तरी कॉफी चालू. तोटा असा की हात भरून येतो, आणि दांडा अर्ध्यात सुटला तर हनुवटीवर बसतो. नवख्या पोराच्या हातात देऊ नका. कपाला मिनिटभर धरा. तुमच्या दोन तासांच्या गर्दीला पुरेल असं वाटतं, पण येऊन बघा की.

---

मी (धागाकर्ता): सगळ्यांचे आभार. ग्राइंडर वेगळा, हे मला इथंच कळतंय. घरी बोलू त्यावर, तू जेवायला ये.

सहाव्या कपाचं पटलं. पण आपल्याकडे सहावा कप रोज लागतो की शनिवारी, ते माहीत नाही, म्हणून रेघांची वही आजपासून गल्ल्यावर ठेवलीय. ग्राइंडर आत्ताच घेतोय, कारण तो व्ही-सिक्स्टीलाही चालेल असा बघता येईल. (मामेभाऊ म्हणतो दोन्हीला एकच वापरला तर दिवसभर बारीक-जाडचं सेटिंग फिरवत बसावं लागेल. ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा.) लोडचा अर्जही देऊन टाकतो, विजेवरचं मशीन आलं तर लागणारच.

निपाणीकर, येत्या मंगळवारी दुकान बंद आहे, दोघंही येतो. आमची बी घेऊन येतो, तुमच्या दांड्यावर ओळीने सहा कप काढून बघू, दुधासकट. फिटरसाहेब, गॅसवरच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुणाकडून तपासून घ्यायचा? आमच्या दुकानावर माळा आहे, वर घरमालकीण आक्का राहतात, आणि सिलिंडरचं नाव काढल्यापासून त्या रोज खाली येऊन विचारताहेत.

उद्यमबागचा फिटर: सिलिंडर दुकानाबाहेर जाळीत ठेवा, आत नुसती पाइप घ्या. व्हॉल्व्ह मी बघतो, पण मशीन आणायच्या आधी फोटो टाका, त्यावरची बॉयलरच्या दाबाची पाटी वाचता येईल असा. पाटी नसेल तर घेऊच नका.