सासूबाईंना नागीण झाली आहे. घरातल्या लहान मुलाला लागण होऊ शकते का?

प्रश्न (पूर्व भाग, सोलापूर)

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. परवा संध्याकाळी त्यांच्या उजव्या कुशीवर, पाठीच्या कण्यापासून छातीच्या मध्यापर्यंत, पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठला. त्याआधी दोन दिवस तिथे नुसतीच आग होत होती. आता वापरून मऊ झालेली चादर लागली तरी त्या कळवळतात. शेजारच्या आजींनी गेरूचा लेप सुचवला आणि नागिणीची दोन तोंडे मिळाली तर माणूस वाचत नाही, असेही सांगितले. तेव्हापासून सासूबाई सारख्या आरशासमोर उभ्या राहून पट्टा कुठवर आला ते पाहतात. माझ्या चार वर्षांच्या मुलाला कांजिण्या आलेल्या नाहीत आणि त्याची लसही दिलेली नाही. त्याला आजीपासून दूर ठेवावे का?

उत्तर १ (निवृत्त शिक्षिका, सूक्ष्मजीवशास्त्र)

ताई, आधी सासूबाईंची भीती घालवा, कारण ती दुखण्याइतकीच त्रास देते. नागीण आणि कांजिण्या एकाच विषाणूमुळे होतात. लहानपणी कांजिण्यांच्या खपल्या पडल्या की आजार संपला असे आपण समजतो. पण विषाणू चेतातंतूंमधून मागे जाऊन मणक्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींमध्ये पोहोचतो आणि तिथे केवळ डीएनएच्या रूपात, नवे विषाणू न बनवता, अनेक दशके पडून राहतो. वयानुसार प्रतिकारशक्तीचा पहारा सैल झाला की एखाद्या गाठीतला विषाणू पुन्हा त्या पेशीचीच यंत्रणा वापरून वाढू लागतो आणि त्याच तंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणूनच आग आधी होते आणि फोड नंतर दिसतात. कण्याच्या उजवीकडून निघालेला तंतू उजव्याच अंगाला संवेदना पुरवतो, त्यामुळे पट्टा छातीच्या मध्यावर थांबतो. प्रतिकारशक्ती फारच क्षीण असलेल्या रुग्णांत फोड अंगभर पसरू शकतात आणि ते गंभीर असते, परंतु टोके जुळल्याने कोणी दगावत नाही.

नागीण झालेल्या मोठ्या माणसाच्या सहवासात मुलांना कांजिण्या येतात, हे हंगेरीतील डॉक्टर यानोश बोकाय यांनी १८८८ मध्येच टिपले होते. पुढे १९५० च्या दशकात थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांतला विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून तो एकच असल्याचे दाखवले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे: आजीकडून नातवाला नागीण होणार नाही, कांजिण्या मात्र होऊ शकतात.

उत्तर २ (वैद्यकीय व्यवसाय, सोलापूर)

वरील माहिती बरोबर आहे. फक्त वाट पाहू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. असायक्लोविर गटातील औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, आणि तुमच्या हातात थोडाच वेळ उरला आहे. हे औषध मुख्यतः विषाणूने ग्रासलेल्या पेशींतच कार्यान्वित होते, कारण त्याला चालू करणारे विकर (एन्झाइम) विषाणूचेच असते. प्रतिजैविकांचा विषाणूवर परिणाम होत नाही. फोडांत पू झाला तरच डॉक्टर ती देतात. त्या पूला निमंत्रण नको म्हणून उघड्या फोडांवर गेरू लावू नका. फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आले असते, तर मी तडक नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगितले असते.

फोडांतल्या द्रवात विषाणू असतो. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत पट्टा स्वच्छ सुती कापडाने झाकावा, टॉवेल वेगळा ठेवावा, आणि मुलाने आजीच्या अंथरुणात झोपू नये. मुलाच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना लगेच विचारा. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत दिलेली लसही उपयोगी ठरू शकते. घरात कोणी गरोदर आहे का?

प्रश्नकर्ती

होय, माझ्या धाकट्या जाऊबाईंना पाचवा महिना आहे. त्यांना कांजिण्या आल्या होत्या की नाही, हे त्यांच्या आईलाही आठवत नाही.

उत्तर २

मग त्यांना आजच त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा. रक्तातील प्रतिपिंडांच्या (विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांच्या, म्हणजे अँटीबॉडीजच्या) तपासणीने त्यांना संरक्षण आहे की नाही ते कळेल. ही लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात देत नाहीत, परंतु गरज पडल्यास तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन संपर्कानंतर दहा दिवसांपर्यंत देता येते. तोवर सासूबाईंची शुश्रूषा आणि त्यांचे कपडे धुण्याचे काम तुम्ही करा, मात्र तुम्हाला स्वतःला कांजिण्या येऊन गेलेल्या असतील तरच.