प्रतिसाद: लिम्फोमा फक्त उतारवयातला नाही

लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, उतारवयातच होतो, असं इथे कुणीतरी म्हटलंय. त्याच्या दोन मुख्य गटांपैकी नॉन-हॉजकिनचे बरेच प्रकार तसे आहेत, हॉजकिन मात्र नाही. पाश्चात्त्य देशांत तो विशी-तिशीत आणि पुन्हा पंचावन्ननंतर जास्त दिसतो. आपल्यासारख्या देशांत लहान मुलांतही आढळतो, आणि तिथे एपस्टाइन-बार विषाणूचा संबंध अधिक. (नॉन-हॉजकिनमधल्या बर्किट लिम्फोमाचं १९५८ मधलं वर्णन तर आफ्रिकेतल्या मलेरियाच्या पट्ट्यातल्या मुलांवरूनच झालं.)

तासगावच्या माझ्या भाच्याच्या मानेला नवव्या वर्षी गाठ आली. टीबीच असणार म्हणून चार महिने गोळ्या दिल्या. शेवटी मिरजेत गाठ काढून तपासली, तेव्हा हॉजकिन निघाला. म्हणून कळकळीने सांगते, गाठ दुखत नसली तरी थांबू नका, टीबीच्या औषधांनी उतरली नाही तर बायोप्सीबद्दल (गाठ किंवा तिचा तुकडा काढून तपासण्याबद्दल) डॉक्टरांना विचाराच.