एका साइटला दोन संपादक: लॉक पुरे, गिट नको. पटतंय का?

गडवाट:
वाईच्या आसपासच्या गडांची माहिती देणारी छोटी साइट आम्ही दोघं सांभाळतो, मी पुण्यातून आणि आमचे भूगोलाचे सर, आता निवृत्त, ते वाईतून. साधी एचटीएमएल पानं आहेत, आपापल्या कॉम्प्युटरवर बदलायची आणि एफटीपीने, म्हणजे फाइली सर्व्हरवर पाठवायच्या जुन्या पद्धतीने, चढवायची. यातली गोची सगळ्यांना माहीतच असेल. सरांनी सकाळी केंजळगडाच्या पानावर एसटीच्या वेळा बदलल्या आणि माझ्याकडे त्याच पानाची कालची कॉपी उघडी आहे, मी दुपारी त्यात दोन फोटो टाकून चढवलं की सरांच्या वेळा गेल्या. सर्व्हर काही विचारत नाही, जुनी फाइल पुसतो नवी ठेवतो, जो शेवटी चढवेल त्याचं खरं.

यावर जो भेटतो तो म्हणतो गिट वापरा, म्हणजे फाइलींमधले बदल इतिहासासकट साठवणारं आणि दोघांचे बदल जुळवून देणारं सॉफ्टवेअर. माझं मत स्पष्ट आहे, दोन माणसांना गिट लागत नाही, लॉक लागतं. म्हणजे पान हातात घेताना व्हॉट्सॲपवर "कमळगड घेतला" असं टाकायचं, सर्व्हरवरची ताजी फाइल उतरवायची, बदलायची, चढवायची, "सोडला" लिहायचं. मधल्या वेळात दुसऱ्याने त्या पानाला हात लावायचा नाही. ड्रीमवीव्हर या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच चेक-आउट नावाने होतं, पान घेतलं की सर्व्हरवर त्याच्या शेजारी एक एलसीके फाइल पडायची आणि कोणाकडे आहे ते समोरच्याला दिसायचं. सरांना हे एका वाक्यात कळतं. ब्रँच, कमिट, पुश, मर्ज हे सगळं त्यांच्या गळ्यात मारायचं कशासाठी?

रात्रपाळी:
नाही पटलं. लॉक तोपर्यंतच चालतं जोपर्यंत दोघं एका वेळी जागे आहेत आणि दोघांच्या लक्षात आहे. "घेतला" लिहून सर चार दिवस गावाला गेले तर? तुम्ही वाट बघणार नाहीतर लॉक तोडणार, आणि एकदा तोडलं की पुढच्या वेळी त्या लॉकला कोण विचारतो.

हा प्रश्न फार जुना आहे हो. १९८२च्या सुमाराला आरसीएस हे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं, त्यात फाइल कुलूपबंद करून घ्यायची पद्धत. मग ॲमस्टरडॅमच्या एका विद्यापीठात डिक ग्रून नावाचे प्राध्यापक दोन विद्यार्थ्यांबरोबर एका कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) काम करत होते आणि तिघांच्या वेळा जुळेनात, एक विद्यार्थी नऊ ते पाच नियमित बसणारा, दुसऱ्याचं काही ठरलेलं नाही, प्राध्यापकांना फक्त संध्याकाळ मोकळी. कुलुपावर त्यांचं भागेना म्हणून त्यांनी आरसीएसच्याच वर सीव्हीएस रचलं, १९८६ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात प्रत्येकाने आपली कॉपी घ्यायची, हवी तेव्हा बदलायची, नंतर दोन्ही बदल एकत्र करायचे, म्हणजेच मर्ज. नीट बघा, तिघंच होते ते, शंभर जणांची कंपनी नव्हती. त्यामुळे "दोन माणसांना कशाला" हा मुद्दा मला मान्यच नाही. माणसं किती हा प्रश्न नाहीये, वेळा जुळतात का हा आहे.

गडवाट:
@रात्रपाळी ते तिघं कंपायलर लिहिणारे होते, आमचे सर नाहीत. आणि मर्जचं जे कौतुक चाललंय ते कोडला लागू पडतं, मराठी मजकुराला नाही. गिट बदल ओळीने बघतं. कोडमध्ये ओळ छोटी असते, आमच्याकडे अख्खा परिच्छेद म्हणजे एक ओळ. कमळगडाच्या पानावर गेरूच्या विहिरीचा परिच्छेद आहे. सरांनी त्यात पायऱ्यांचं वर्णन सुधारलं, मी त्याच परिच्छेदाच्या शेवटी एक शुद्धलेखन सुधारलं, दोन्ही बदलांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही पण गिट म्हणणार कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदल एकमेकांवर आले, तुम्हीच निवडा. मग फाइलमध्ये बाणांसारख्या चिन्हांची रांग, सरांचा परिच्छेद, "=" चिन्हांची रांग, माझा परिच्छेद. सर ते बघून काय करणार? न बघता तसंच चढवलं तर ती चिन्हं लोकांना साइटवर दिसणार.

पाटी_पेन्सिल:
तुम्ही दोघं उगाच भांडताय, वर्डप्रेसवर जा ना, त्यात पानं ब्राउझरमधूनच लिहिता येतात. २०१३ पासून, म्हणजे ३.६ पासून त्यात लॉक आपोआप लागतं, एकाने पोस्ट उघडली की दुसऱ्याला दिसतं की अमुक जण एडिट करतायत, हवं तर टेक ओव्हर करता येतं. वर जुन्या आवृत्त्या साठवल्या जातात त्या वेगळ्याच. सरांना ब्राउझर उघडता येतो ना, झालं तर मग.

गडवाट:
@पाटी_पेन्सिल हे मला रात्रपाळींच्या उपायापेक्षा जवळचं वाटतं, शेवटी तेही लॉकच आहे. पण डेटाबेस आला, प्लगिन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) आले, त्यांचे अपडेट आले, एखादं जुनं प्लगिन राहिलं की साइट हॅक व्हायची भीती. गडांची माहिती वर्षातून थोडीच बदलते, त्यासाठी एवढं ओझं नको. शिवाय आमच्या गावाकडच्या नेटवर साधी पानं चटकन उघडतात, ते मला सोडायचं नाहीये.

रात्रपाळी:
परिच्छेदाची अडचण खरी आहे, मानतो. पण त्याला साधा उपाय आहे, एका ओळीत एकच वाक्य लिहा. एचटीएमएलला ओळ तोडल्याने काही फरक पडत नाही, ब्राउझर ती एका स्पेससारखीच धरतो, वाचणाऱ्याला परिच्छेद अखंडच दिसतो. मग सरांचं पायऱ्यांचं वाक्य एका ओळीवर, तुमचं शुद्धलेखन दोनचार ओळी खाली, गिट दोन्ही मुकाट्याने घेतं. अगदी शेजारशेजारच्या ओळी असतील तर मात्र अडतं, तेवढं लक्षात ठेवा. आणि आधी ओळीच्या शेवटी कोणती न दिसणारी खूण पडते याची सेटिंग दोन्ही मशीनवर सारखी करून घ्या, नाहीतर विंडोज आणि लिनक्समध्ये अख्खी फाइल बदललेली दिसते.

आता माझा खरा मुद्दा. लॉक एकमेकांपासून वाचवतं, पण स्वतःपासून नाही. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी पान एएनएसआय (देवनागरी न मावणारी जुनी पद्धत) म्हणून सेव्ह केलं तर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. नोटपॅड इशारा देतं, पण ओके दाबायची सवय सगळ्यांनाच असते. ती अक्षरं फाइलमधून गेलेली असतात, फाँट बदलून वगैरे परत येत नाहीत. सरांनी नियमाने "घेतला" लिहिलं, नियमाने चढवलं, नियमाने "सोडला" लिहिलं आणि पांडवगडाचं पान प्रश्नचिन्हांनी भरलं. आता कालचं पान कुठून आणणार? व्हॉट्सॲपच्या लॉककडे इतिहास नाही. वर्षानुवर्षं गडावर जाऊन गोळा केलेली माहिती आहे ती, तिला मागे जायची वाट हवीच हवी.

चावडी:
पानं वाटून घ्या की, कमळगड-केंजळगड तुम्ही, पांडवगड-वैराटगड सर. संपला विषय.

गडवाट:
@चावडी नाही संपत. मेनू प्रत्येक पानावर आहे, नवीन गड टाकला की सगळ्यांच्या सगळ्या पानांना हात लागतो. आणि सरांनी लिहिलेलं मी तपासायचं, मी लिहिलेलं सरांनी, त्यासाठीच तर दोघं आहोत.

@रात्रपाळी इतिहासाचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. पण त्यासाठी सरांना गिट शिकवायची गरज नाही. सर आत्तासारखंच एफटीपीने चढवतील (एफटीपी नाही, एसएफटीपी, एफटीपीत पासवर्ड उघडा जातो म्हणून ते आधीच बदलून दिलंय), आणि माझ्या मशीनवर रोज रात्री सर्व्हरवरची पानं उतरवून त्यांचा कमिट होईल, म्हणजे त्या वेळची पानं गिटमध्ये नोंदून ठेवली जातील. इतिहास मिळाला, सरांच्या डोक्याला ताप नाही. एका ओळीत एक वाक्य हेही करतो, कोणी काय बदललं ते बघायला मला सोपं जाईल. लॉक मात्र राहणार.

रात्रपाळी:
रोज रात्री म्हणजे सकाळी सरांनी चढवलेलं तुम्ही दुपारी पुसलं तर ते कमिटमध्ये आलेलंच नसणार. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं केंजळगडाचं उदाहरण जसंच्या तसं शिल्लक आहे. निदान प्रत्येक वेळी स्वतः काही चढवायच्या आधी एकदा उतरवून कमिट करा.

गडवाट:
हे बरोबर आहे. माझ्या अपलोडच्या स्क्रिप्टमध्येच पहिली पायरी तीच टाकतो, आधी उतरव, कमिट कर, सर्व्हरवरचं पान माझ्या कॉपीनंतर बदललेलं असेल तर थांब आणि मला सांग. पण "घेतला-सोडला" बंद करणार नाही, कारण त्या मेसेजमुळेच सरांचा उलट फोन येतो की अरे कमळगड घेतलायस तर नांदगण्याकडून येणारी वाट पण बघून घे.