मदत हवी आहे: एक्सच्या डोक्यावर रेघ नीट बसत नाही

लिब्रेऑफिस रायटरमध्ये मराठीतून प्रयोगाचा अहवाल टाइप करतोय. बाण, अंश सेल्सिअस जमलं: चिन्हाचा युनिकोड क्रमांक, म्हणजे 2192 किंवा 2103, टाइप करून ऑल्ट-एक्स दाबलं की चिन्ह हजर. अडलंय सरासरीच्या चिन्हापाशी, म्हणजे एक्सवरची आडवी रेघ. एक्सला लागून 0304 टाइप करून ऑल्ट-एक्स केलं, तर रेघ येते. पण एक्स तिरपा (इटॅलिक) केला की ती उजवीकडे घसरते, टोपी वाऱ्याने सरकल्यासारखी. तीन इंग्रजी फॉन्ट बदलून पाहिले. फॉर्म्युला ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे रायटरमधल्या गणिती सूत्राच्या वेगळ्या चौकटीत, रेघ नेमकी बसते, मात्र त्या ओळीपुरतं अंतर वाढतं, आणि असे एक्स चाळीसेक आहेत. चित्र चिकटवायचं नाही, कारण फाइल पुढे वर्डमध्येही दुरुस्त होणार आहे. तिरप्या एक्सवर ही रेघ बरोबर मध्यावर बसवणारा मोफत फॉन्ट कोणता?