मुंबईचं गिरणगाव सुधारलं म्हणता, पण इथली माणसं पोटापाण्याला काय करतात?

कातणखातं:
लोअर परळच्या पुलावरून जुनी चिमणी आणि मागचे टॉवर एका फोटोत घ्यायचे आणि खाली लिहायचं, 'कायापालट'. इमारतींचा झाला, मान्य. आमच्या चाळीच्या एका मजल्यावर सोळा खोल्या. १९८२ च्या संपाआधी त्यातल्या अकरा घरांतले कर्ते पुरुष गिरणीत होते. आज त्याच मजल्यावर दोन वॉचमन, तीन डिलिव्हरीवाले, मॉलमध्ये साफसफाई करणारी एक, बेस्टमध्ये एक. बाकीच्यांनी खोल्या विकल्या. समोरच्या टॉवरमधले बँकेत, जाहिरातीत. आम्हाला दिसतात ते गाडी बाहेर काढताना. आणि इथल्या ऑफिसांत राबणारा विरार-बदलापूरहून लटकत येतो. पूर्वी भोंगा झाला की माणूस दहा मिनिटांत खात्यात हजर असायचा.

बदलीवाला:
भोंग्याचं कौतुक पुरे. माझे वडील बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत घरी. एक पाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर दुसरा आडवा. कापसाच्या तंतूंनी लागलेला खोकला त्यांना शेवटपर्यंत पुरला. मी गिरणीच्याच आवारातल्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. चालत जातो, एसीत बसतो. याला अधोगती म्हणायचं का?

कातणखातं:
तुम्ही चालत जाता कारण वडिलांची खोली टिकली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिका, परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये बदल करून वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती ठेवली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं. म्हाडाचा वाटा आक्रसला नसता तर तुमच्यासारखे अजून कितीतरी चालत गेले असते. आणि बदली संपली म्हणता? डिलिव्हरीवाला मोबाइल हातात धरून तेच करतो. फक्त गेट नाही.

बदलीवाला:
गेटवर निदान मुकादमाचे पाय धरावे लागत नाहीत आता. हा फरक तुम्हाला छोटा वाटतो, आम्हाला नाही.

तिखटमीठ:
दोघेही पुरुषच मोजताय! गिरणीवाल्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना कोण मोजणार? प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते त्यांच्यासाठीच. माझी मावशी त्यातलीच एक, लालबागची. गिरण्या गेल्या, तिची चूल राहिली. आता डबे टॉवरमध्ये जातात. एप्रिल-मेमध्ये डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, मसाला कुटून घ्यायला रांगेत असते, तिथे टॉवरवाल्या बायकाही आपापली मिरची निवडून आणतात. म्हणजे सगळं मेलंय असं नाही.

बदलीवाला:
हेच तर म्हणतोय. काम आहे, करणारा पाहिजे.

कातणखातं:
काम आहे. भविष्य निर्वाह निधी किती जणांचा कापला जातो, तेही विचारा मावशींना.

तिखटमीठ:
विचारलं, हसली. पोळ्या लाटायला तिच्याकडे दोघी आहेत. एकीचं माहेर याच गल्लीतलं. आता दोघीही पहाटेची लोकल पकडून ठाण्यापलीकडच्या दिव्याहून येतात.