आधी पाण्याचं बघा
घर बांधायचं तर गुत्तेदाराशी लेखी करार करा, हप्ते कामाच्या टप्प्यावर द्या, असं सगळेच सांगतात, ते बरोबरच. पण आपल्या बीड-लातूरकडं काम अडतं ते पाण्यावर. दिवाळी झाली की पाया धरा, म्हणजे स्लॅब उन्हाळ्याआधी पडेल. एप्रिलात बोअर आटले की टँकरचा भाव ऐकूनच लोक क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ द्यायला, हात आखडता घेतात. कोरड्या उन्हात काँक्रीट किमान 10 दिवस सतत ओलं हवं. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला म्हणजे क्युरिंग झालं, असं नाही. आणि पाणी कोणी आणायचं हे करारात लिहाच, निम्मी भांडणं तिथंच होतात.

काळी जमीन असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चांगला मुरूम किंवा खडक किती खोल आहे ते इंजिनिअरला बघू द्या, शेजाऱ्याच्या पायावरून अंदाज नको.

विटांच्या भिंतींवरचं घर असेल तर जोत्याला आणि लिंटलला (दार-खिडक्यांच्या वर) सलग आरसीसी पट्टा, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा पट्टा, हवाच. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते ठाऊक असूनही 'कशाला खर्च' म्हणणारे अजून भेटतात. वाचवायचंच असेल तर फॉल्स सीलिंगमध्ये वाचवा की!